काठ अर्धं बोट जास्त

साचेबुवांच्या दुकानात शिरलात की आधी वाफ दिसते, मग डोकी दिसतात आणि सगळ्यांत शेवटी साचेबुवा. डोकी लाकडाची. भिंतभर फळ्यांवर ओळीनं मांडलेली. एक चपटं, एक लांबट, एक तर असं की ज्याच्या मापाचं असेल त्याच्या आईची दया यावी. या लाकडी साच्यांवर गरम वाफेनं फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड, ताणून बसवायचं, सुकलं की काठ कापायचा, फीत शिवायची. असा हा माणूस गेली अठ्ठेचाळीस वर्षं हॅट बनवतो आहे, म्हणून त्याचं नाव साचेबुवा. खरं नाव त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत असेल, आणि ती पत्रिका आता कुणाकडे नाही.

या धंद्यावरून 'टोपी घालण्या'चा विनोद तुम्हाला सुचला असेल, तर तो आत्ताच करून मोकळे व्हा. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं तो केलेला आहे. साचेबुवांना तो पहिल्यांदा त्यांच्या सासऱ्यांनी ऐकवला होता, आणि तेव्हाही त्यांना हसू आलं नव्हतं.

दुकान सासऱ्यांचंच. सासऱ्यांना एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी साचेबुवांना दिली आणि दुकानही त्यांनाच दिलं. कारण मुलाच्या हातात कात्री दिली की काठ समुद्राच्या लाटेसारखा यायचा. पण देवानं त्या मुलाला एक गोष्ट अशी दिली होती की तिच्यापुढे हातांचा दोष माफ. त्याचं डोकं. आत काय होतं ते सोडा, मी बाहेरच्याबद्दल बोलतोय. उंच बांधा, सरळ मान आणि हॅटसाठीच घडवल्यासारखा माथा. कुठलीही हॅट ठेवा, पठ्ठ्या लगेच कुणीतरी मोठा माणूस दिसायचा. तिशीत टक्कल पडलं, तेही हॅटला सोयीचंच झालं. आम्ही सगळे त्याला मेहुणाच म्हणायचो. नात्यानं तो एकट्या साचेबुवांचा, पण त्याला हाक मारायची अख्ख्या गल्लीनं.

आता या दुकानाची एक रीत सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. नवी हॅट तयार झाली की ती लगेच काचेत ठेवायची नाही. आधी तिला 'वारं दाखवायचं'. म्हणजे कुणीतरी ती डोक्यावर घालून चार दिवस रस्त्यानं फिरायचं. बाजार, बस स्टॉप, कचेऱ्यांची रांग. अनोळखी लोक काय बघतात, काय बोलतात, हसतात की वळून पाहतात, ते सगळं ऐकून यायचं आणि सांगायचं. त्यावरून काठ, उंची, फीत ठरायची. आणि हो, ज्यानं हॅट बनवली त्यानं स्वतः वारं दाखवायला जायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. "बनवणाऱ्याला तेच ऐकू येतं जे त्याला ऐकायचं असतं," असं म्हातारा म्हणायचा. तेव्हा कान आणि डोकं मेहुण्याचं, आणि हात साचेबुवांचे.

मेहुणा संध्याकाळी परत यायचा, स्टुलावर बसायचा आणि सांगायचा. साचेबुवा पेन्सिलीनं ते खिडकीशेजारच्या भिंतीवर लिहायचे. बारीक, सुबक अक्षर. 'बाजारात दोघांनी वळून पाहिलं.' 'दातांच्या डॉक्टरांनी फीत कुठली विचारलं.' त्यांची बायको होती तेव्हा ती चहा ठेवताना भिंत वाचायची आणि म्हणायची, "आमच्या भावाला बघतात की तुमच्या हॅटला?" ती गेली त्याला तेरा वर्षं झाली. भिंत मात्र भरत राहिली.

आता मी जिथे बसतो त्या जागेबद्दल. साचेबुवांच्या दुकानापासून दोन वळणं सोडून सलून आहे. मी आयुष्यभर कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज आणि जबाब टाइप केले. निवृत्त झालो तेव्हा बोटं मोकळी झाली, तोंड आधीपासूनच मोकळं होतं, म्हणून सलूनच्या बाकावर कायमचा मुक्काम ठोकला. केस महिन्यातून एकदा कापतो, बातम्या रोज.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी मेहुणा तिथे आला. हातात हॅट, काठ मोडलेला, गुडघ्याला धूळ. खुर्चीत बसला आणि सलूनवाल्याला म्हणाला, "नुसतं बसू दे."

मी म्हटलं, "काय मेहुणे, हॅट डोक्यावरून हातात कशी आली?"

हळूहळू कळलं. बसमध्ये पाच-सहा टवाळ पोरांनी ती मागून उडवली. एकानं दुसऱ्याकडे फेकली, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. बावन्न वर्षांचा माणूस दोन्ही हात वर करून बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत होता, आणि अख्खी बस हसत होती. कंडक्टरसुद्धा.

"पोरांचं काही नाही हो," तो म्हणाला. "मागच्या सीटवर एक बाई होत्या, ताईच्या वयाच्या. त्यापण हसत होत्या."

"मग दाजींना सांगणार काय?" सलूनवाल्यानं विचारलं.

मेहुणा आरशात बघत म्हणाला, "सगळी बस हॅटकडे बघत होती, असं सांगतो. खोटं थोडंच आहे?"

इथपर्यंत त्याचं काही चुकलं, असं मी अजूनही म्हणणार नाही. पुढच्या हॅटच्या वेळी तो दुकानातून ती घालून निघाला, दोन वळणं चालला, सलूनमध्ये आला, हॅट काढून फळीवर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर पत्ते खेळला. निघताना त्याचा चेहरा उतरला. "आता दाजींना काय सांगू? त्यांनी पेन्सिल तासून ठेवली असेल."

आणि इथे, महाराज, तुमचा हा सेवक पुढे सरसावला. चाळीस वर्षं लोकांचे जबाब टाइप केलेला माणूस मी. साक्षीदाराच्या तोंडी काय शोभतं आणि काय रचलेलं वाटतं, हे मला झोपेतही कळतं. मी म्हटलं, "फार कौतुक सांगायचं नाही. कौतुकावर कुणी विश्वास ठेवत नाही. थोडी खोड काढायची." सलूनवाला त्या वेळी माझ्या मानेवर वस्तरा फिरवत होता. मी हलू शकत नव्हतो, फक्त बोलू शकत होतो. "सांग की बस स्टॉपवर एक बाई भेटल्या. निळा कोट. हॅट निरखून बघितली आणि म्हणाल्या, बनवणाऱ्याला सांगा, हात चांगला आहे, पण काठ अर्धं बोट जास्त हवा. माझे वडील अशी घालायचे, त्यांना त्यातलं कळायचं."

सलूनवाल्यानं वस्तरा थांबवला. "वा! बाई डोळ्यांपुढे उभी राहिली."

मेहुण्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हसत हसत आला. "दाजींनी दोनदा विचारलं, अर्धं बोट म्हणजे कुणाचं बोट? बाईंचं की माझं?" आम्ही इतके हसलो की गिऱ्हाईकाच्या कल्ल्याचा तोल गेला.

तेव्हापासून साचेबुवांच्या दुकानातल्या प्रत्येक हॅटचा काठ अर्धं बोट जास्त आहे. काचेतून बघितलंत तर दिसेल. वकिलाची असो, नाटकातल्या सरदाराची असो, बॅंडवाल्याची असो. नाटकवाले कुरकुर करायचे की दिव्याची सावली तोंडावर पडते. साचेबुवा म्हणायचे, "जाणकारांनी सांगितलंय."

ती बाई मग आमचा खेळच झाली. वर्षातून दोन-तीनदा तिला बस स्टॉपवर आणायची. फार वेळा नाही, नाहीतर संशय येतो. ती कधी फितीबद्दल बोलायची, कधी नुसती मान हलवायची. एकदा तिला मी सर्दी लावली, तर साचेबुवांनी मेहुण्याला विचारलं, "बरी आहे का आता?" हे ऐकून सलूनवाला म्हणाला, "म्हातारा पाघळलाय." मी म्हटलं, "पाघळेना का, आपलं काय जातं?" दुकानापुढून जाताना मी मुद्दाम हाक मारायचो, "काय साचेबुवा, भिंतीवर कुणाचं नाव लिहिताय?" ते पेन्सिल कानामागे खोचायचे आणि कानापर्यंत लाल व्हायचे. सत्तरीचा माणूस! मला तर वाटायचं मी त्याच्यावर उपकारच करतोय.

या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला. एकुलती एक, सहा तासांच्या अंतरावर राहते, दवाखान्यात नर्स आहे. फोन दुकानात आला आणि मी नेमका तिथे माझी हॅट... बरं, माझ्याकडे हॅट नाही, मी बातमी काढायला गेलो होतो.

"बाबा, घरात एक खोली रिकामी आहे. तुमचा गुडघा, ती वाफ, एकटं जेवण, आता पुरे. पण शनिवारी मला नक्की सांगा. तुम्ही येणार नसाल तर सासूबाईंना आणतेय. त्याही एकट्याच आहेत, त्यांना किती दिवस थांबवू?"

साचेबुवा म्हणाले, "शनिवारी सांगतो."

फोन ठेवून त्यांनी मेहुण्याला बोलावलं. फळीवरून राखाडी फेल्टची एक हॅट काढली. सहा आठवडे तिच्यावर खपत होते ते. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती हॅट बघून माझंही तोंड दोन क्षण बंद झालं. साचेबुवा मेहुण्याला म्हणाले, "याहून चांगली मला जमणार नाही. हिला चार दिवस वारं दाखव. लोकांना नको असेल तर नको. तसं सांग. मी कुलूप लावतो आणि पोरीकडे जातो. पण मला खुश करायला काही सांगू नकोस. या खेपेला नाही."

"नाही दाजी," मेहुणा म्हणाला. "जे असेल ते सांगीन."

आणि हॅट घालून निघाला. दोन वळणं.

मेहुण्याला खरोखर बाहेर जायचं होतं, असं तो नंतर म्हणाला. मंगळवारी सलूनच्या दारातून तीन वेळा पाऊल बाहेर टाकलं त्यानं, मी साक्षीला आहे. बस दिसली की परत यायचा. मी म्हटलं, "बस रे. खरं काय ते आपल्याला माहीत आहे. कुणी ढुंकून बघत नाही. ते सांगितलंस तर दुकान बंद होईल, आणि मग तू कुठे जाशील?" दुकानाच्या मागच्या खोलीतच राहतो तो.

खरं सांगू? दुकान बंद झालं असतं तर माझाही दिवसातला अर्धा तास गेला असता. मीही त्याचाच विचार करत होतो.

शुक्रवारी दुपारी आम्ही शेवटचा जबाब रचला. सात अनोळखी माणसं. एका शिक्षकानं पत्ता घेतला, एका तरुण जोडप्यानं काढून हातात घेऊन बघितली, वगैरे. आणि सातवी ती. मी तिच्या तोंडी घातलं, "त्यांना सांगा, दुकान बंद करू नका. अशी हॅट बनवणारा गेला की मी कुणाकडे बघू?" सलूनवाल्यानं टाळी दिली. मेहुणासुद्धा हसला. त्या हसण्याच्या भरात एक गोष्ट राहून गेली. रोज निघताना तो सलूनवाल्याच्या मानेच्या ब्रशनं हॅट आतून-बाहेरून झाडायचा. त्या दिवशी झाडली नाही.

शनिवारी सकाळी साचेबुवांनी मुलीला नाही म्हणून सांगितलं. दुपारी तिनं सासूबाईंना फोन केला. रविवारी सासूबाई ट्रंक घेऊन त्या खोलीत राहायला आल्या.

सोमवारी साचेबुवांनी ती राखाडी हॅट काचेत ठेवण्यासाठी घेतली. सवयीप्रमाणे पांढऱ्या कागदावर ठोकून झाडली. कागदावर केस पडले. बारीक कापलेले. काळे, पांढरे, आणि मेंदीनं लाल झालेले काही. त्यातले काळे आमच्या पोस्टमनचे आणि लाल माझे, हे मी आता कबूल करायला हरकत नाही.

मेहुण्याच्या डोक्यावर एक केस नाही.

आणि या धंद्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसली, जी तुम्हा-आम्हाला दिसली नसती. हॅट खाली ठेवायची ती उताणी ठेवायची, माथा खाली, नाहीतर काठ बिघडतो. हे सासऱ्यांनी पोराला लहानपणी कान पिळून शिकवलं होतं. बाकी काही शिकला नाही, हे मात्र पक्कं शिकला. हातात घेतलेली हॅट तो आयुष्यात कधी पालथी ठेवू शकला नाही. म्हणूनच फळीवर दिवसभर तोंड वर करून पडलेल्या हॅटच्या आत धूळ आणि केस होते, आणि जो माथा उन्हातून, बाजारातून फिरून यायला हवा होता तो अगदी कोरा.

साचेबुवांनी ती हॅट स्वतःच्या डोक्यावर घातली. सासऱ्यांचा दंडक अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. काठी घेतली आणि बस स्टॉपवर गेले.

पुढचं मला तिथल्या पेपरवाल्यानं सांगितलं. दोन तास उभे होते. हॅट त्यांच्या मानानं जरा मोठी, कानांपर्यंत उतरलेली. बहुतेकांनी बघितलंच नाही. दोन कॉलेजच्या मुलींनी लांबून फोटो काढला. एकानं विचारलं, "काका, शूटिंग कुठे चाललंय?" दुसऱ्यानं विचारलं, "जादूचे प्रयोग करता का? आमच्या शाळेत कराल?" बसमध्ये चढायचा त्यांनी प्रयत्न केला तर मागून आवाज आला, "ओ साहेब, तो टोप काढा, पुढचं दिसत नाही." ते उतरले. पेपरवाला म्हणाला, "मला वाटलं कुणाची वाट बघतायत."

वाटच बघत होते. साधारण बाराच्या सुमाराला खरोखरच एक बाई आली. निळा कोट. जगात निळे कोट काय कमी आहेत? साचेबुवा तिच्याजवळ गेले, हॅट काढली, दोन्ही हातांत धरून पुढे केली आणि विचारलं, "काठ आता बरोबर आहे ना?"

बाईनं पर्स छातीशी धरली आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

तिथून ते सरळ सलूनमध्ये आले. मी दाढीसाठी खुर्चीत होतो, मेहुणा पत्ते वाटत होता. साचेबुवांनी हॅट काढली आणि फळीवर ठेवली. उताणी. तिथे धुळीत तिच्या मापाचा एक गोल आधीच उमटलेला होता. ती बरोब्बर त्यात बसली.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"दाजी, ते बसमध्ये पोरांनी..."

"किती वर्षं विचारलं."

"अकरा."

साचेबुवांनी मान हलवली, जणू मापच घेत होते. "पोरांनी काय केलं ते मला का नाही सांगितलंस? मी हॅट्स सोडून दिल्या असत्या. तुला रस्त्यावर पाठवला नसता. आता वर गेल्यावर तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू मी?"

मेहुण्याच्या हातातले पत्ते खाली पडले. कुणी उचलले नाहीत.

"आणि ती बाई?"

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. सलूनवाल्यानंही बघितलं. अकरा वर्षं एकत्र हसलेली माणसं, पण बोट दाखवायची वेळ आली तेव्हा दोघांचंही माझ्याच दिशेला होतं. मी तरी काय वेगळं केलं असतं?

साचेबुवा माझ्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाईकाला फितीचा रंग विचारावा तसं विचारलं, "कोट निळाच का?"

मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. त्यांची नजर माझ्या गळ्याशी बांधलेल्या कापडावर गेली. सलूनवाला गिऱ्हाईकाच्या अंगावर टाकतो ते. निळं. पहिल्यापासून निळंच आहे. बाई रचली त्या दिवशी आरशात मला समोर तेच दिसत होतं.

त्या कापडाकडे बघतच ते म्हणाले, "मी शनिवारी पोरीला नाही म्हटलं."

हॅट उचलली आणि गेले.

मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. सासूबाईंना खोलीतून कोण कशाला काढेल? मेहुणा अजून मागच्या खोलीत राहतो. जेवण दोघांचं एकत्र होतं, बोलणं होत नाही. भिंतीला त्या आठवड्यातच चुना लागला. अक्षरं एकदम गेली नाहीत, तीन हात द्यावे लागले, असं रंगाऱ्यानं मला सांगितलं. काचेतल्या सगळ्या हॅट्स साचेबुवांनी एकेक करून खाली काढल्या आणि प्रत्येकीचा काठ अर्धं बोट कापला. कापलेल्या फेल्टची कडी दारात टोपलीभर पडली होती. माझा पाय त्यात अडकला.

आता वारं दाखवायला ते स्वतः जातात. गुडघा दुखतो, तरी मंगळवार चुकत नाही. हॅट कानांपर्यंत, हातात काठी. बाजारातून, कचेऱ्यांपुढून, बस स्टॉपवरून. सलूनपुढून जाताना आत बघत नाहीत.

मला चैन पडत नाही, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. गेल्या मंगळवारी मी मुद्दाम दारात उभा राहिलो. "काय साचेबुवा, काय म्हणतायत लोक आज?"

ते थांबले. हॅट कपाळावरून जराशी वर सरकवली, मला नीट दिसावी म्हणून.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले, आणि उत्तरासाठी खरोखरच थांबून राहिले.

मी आत जाऊन बसलो.